दम मोजता न आलेला काटा

मित्रांनो, माकणीच्या वाटेवरच्या एका गावात कल्याणप्पांचं आडत दुकान आहे. तिथं दाराशी उभा असलेला जुना लोखंडी वजनकाटा म्हणजे मी. सोयाबीन, तूर, उडीद यांची पोती पाठीवर घेण्यात माझी उमर गेली. लोक भावावरून भांडले, माझ्या मापावरून कधीच नाही. त्याची थोडी घमेंड मला आहेच.

पुढं आकडे दाखवणारा चपटा काटा आला आणि मी माणसं जोखण्यापुरता उरलो. सगळ्यात जास्त चढायचे ते मालकच. कल्याणप्पा इतके जाड झाले होते की दुकानाच्या पायऱ्या चढतानाही त्यांना धाप लागे. त्यांच्या घराकडं महादेवाच्या काठीचा मान होता. श्रावणातल्या यात्रेत ती उंच, सजवलेली काठी कमरेच्या पट्ट्यात उभी धरून टेकडीवरच्या देवळापर्यंत न्यायची. मध्येच दुसऱ्याच्या हाती दिली, तर मान त्याच्या घरी जातो. वडील थकले होते. पुढच्या श्रावणात काठी कल्याणप्पांनाच घ्यायची होती.

म्हणून त्यांनी सोलापूरला जाऊन पोट लहान करण्याचं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टरांनी परोपरीनं बजावलं होतं की पोटाचं काम आम्ही केलं, आता हृदय आणि फुप्फुसं तुम्ही कामाला लावा. खाणं कमी झालं की चरबीबरोबर मांसही झडतं, म्हणून रोज चाला, डाळ-पनीर खा.

पण घरी त्यांना बाळंतिणीसारखं जपलं गेलं. कानाला फडकं, ताटात पातळ पेज आणि दिवसभर पलंग. चालायला निघाले की त्यांची बायको शांतम्मा आडवी यायची. "ऑपरेशनचं अंग हाय. कुठं हिंडताव? बसा गुमान." तेही बसायचे. आठवड्याला माझ्यावर चढायचे, दांडीवरचं वजन मागं सरकवायचे आणि हरखून जायचे. माझा उतरता आकडा पाहून गावही कौतुक करी. सगळ्यांना वाटलं, ओझं उतरलं म्हणजे अंगात ताकद आली.

श्रावण आला. सडसडीत कल्याणप्पांनी काठी उचलली तेव्हा वडिलांचे डोळे भरून आले. निम्म्या चढावर त्यांचा श्वास पुरेना, पाय लटपटले, ओठ काळेनिळे पडले. काठी कलली. चुलतभाऊ व्यंकटनं ती झेलली आणि देवळापर्यंत नेली. वडील निम्म्या वाटेवरूनच घरी परतले.

संध्याकाळी कल्याणप्पा शांतम्मासोबत येऊन माझ्यावर उभे राहिले.

"काटा तर खोटं बोलत न्हाय, शांते. मग म्या कसा हारलो?"

"काट्याला दम कुठं कळतो? म्याच तुमाला बसवून ठिवलं," म्हणत ती पायरीवर बसून रडली. मला फार वाईट वाटलं. लोखंडाला रडता येत नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी ते डॉक्टरांकडं जाऊन आले. तेव्हापासून रोज पहाटे दोघं टेकडीकडं चालतात, आधी सपाटीवर आणि मग हळूहळू चढावर. माझ्यावर आता कुणी चढत नाही. दांडीवर धूळ साचली आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला विनवतात की आम्हाला पुसा, आम्हाला जपा. मी तसं म्हणणार नाही. माझ्यावर उभे राहिलात तर उतरल्यावर चालायला मात्र जा. धूळ मी सोसेन.

परवा कल्याणप्पा टेकडीवरून आले आणि वडिलांच्या पायाशी बसले. "आप्पा, आज कुठंबी थांबलो न्हाय. देवळापतूर गेलो."

वडिलांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. काठी व्यंकटच्या अंगणात उभी होती.