चालेल म्हणजे शून्य

साहेब, चूक तुम्हाला माहीत होती. सही करण्याच्या आधी माहीत होती. तुम्ही आरोग्य समितीचे अध्यक्ष, मी तुमच्या ऑफिसातला कॉम्प्युटरवाला. ती चूक मीच कागदावर काढून तुमच्या टेबलावर ठेवली आणि तुम्ही त्या कागदावर चहाचा कप ठेवलात.

काम साधं होतं. जुन्या दवाखान्यातली डायलिसिसची यंत्रं हलवायची होती. जागा तीन: गिरणीमागची वस्ती, बाजार, नवी कॉलनी. घरोघरी फॉर्म गेले. केंद्र त्या जागी झालं तर तुम्हाला किती त्रास, शून्य ते दहा, प्रत्येक जागेपुढे आकडा लिहा. ज्या जागेच्या त्रासाची बेरीज सगळ्यांत कमी, ती जागा पक्की. हे गणित मला कुणी शिकवलं नाही. जुनी पुस्तकं आणून, मान मोडून घरीच शिकलो. "भांडण नको, वशिला नको, आकडेच ठरवतील," असं सभेत छाती फुगवून मीच सांगितलं होतं.

दोन हजार एकशे चाळीस फॉर्म आले. नव्या कॉलनीवाल्यांनी बाकीच्या दोन्ही जागांपुढे दहा-दहा ठोकले होते. एकाने तर बारा लिहिले होते, मी त्याचे दहा केले. आणि तीनशे शहाऐंशी जणांनी आकडाच लिहिला नव्हता. "चालेल." "कुठेही चालेल." "तुम्ही ठरवाल ते चालेल." आता मशीनला शब्द कळत नाही, आकडा लागतो. जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं होती. मी एक ओळ लिहिली: चालेल म्हणजे शून्य. चालतंय ना? मग त्रास कसला! आणि डबा उघडला.

निकाल आला. बाजार केव्हाच मागे पडला. गिरणीमागची वस्ती सात हजार तीनशे एक्याण्णव, नवी कॉलनी सात हजार एकशे चार. नवी कॉलनी जिंकली. तुम्ही माझी पाठ थोपटलीत.

त्या रविवारी आत्याकडे गेलो. आई गेल्यावर तिनेच मला वाढवलं. ती गिरणीमागे राहते, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जाते.

"आत्या, फॉर्मवर काय लिहिलंस?"

"काय लिहायचं? चालेल म्हटलं. ती फॉर्मवाली पोरगी उन्हाने लालबुंद झालेली, तिला कुठे तीन-तीन प्रश्नांची उत्तरं देत बसू?"

"अगं, पण आकडा लिहायचा होता."

"आकडे तुझ्याकडे, शहाण्या. आपल्यासाठी एवढं करतायत, वर आपणच अटी घालायच्या?"

"आणि नव्या कॉलनीत गेलं तर? दोन बस बदलशील?"

"मग काय, तू उचलून नेणार? वजन वाढलंय हो माझं. सगळं पाण्याचं!"

ती हसली. मला माझी ती एक ओळ आठवली: चालेल म्हणजे शून्य.

सोमवारी "चालेल"चे सगळे फॉर्म काढले. तीनशे शहाऐंशीपैकी तीनशे बावन्न गिरणीमागचे. संध्याकाळी वस्तीत चाळीस घरं फिरलो. दारात उभं राहून विचारलं तर पुन्हा तेच, "चालेल की." आत बसून, पाणी पिऊन विचारलं, "कॉलनीत जायला नक्की काय काय करावं लागेल?" तेव्हा एकेकाचं तोंड उघडलं. कुणाची मजुरी बुडत होती, कुणाला बसची पायरी चढवत नव्हती. नऊ, दहा, नऊ, आठ. या चाळीस घरांचे खरे आकडे घातले. कॉलनी सात हजार चारशे सहासष्ट, गिरणीमागे सात हजार चारशे बावीस. चाळीसच घरांत निकाल उलटला. तीनशेच्या वर घरं अजून विचारायचीच होती.

ज्याने तोंड उघडलं नाही त्याला तुडवणं माझ्या गणिताला फुकट पडत होतं, म्हणून गणिताने त्यालाच तुडवलं. हे मी शिकवलं होतं त्याला.

कागद घेऊन तुमच्यासमोर आलो. तुम्ही वर न बघता म्हणालात, "नियम आधी ठरला होता ना? मग आता निकाल बघून नियम बदलायचा?"

"साहेब, नियम चुकला. चालेल म्हणजे शून्य नव्हे."

"मग काय?"

मी कागद तुमच्यापुढे सरकवला. तेव्हा तुम्ही चष्मा काढलात आणि हसून विचारलंत, "तिकडे कुणी नात्यातलं राहतं वाटतं तुमच्या?"

मी म्हणालो, "नाही साहेब. कुणी नाही."

हे वाक्य मी म्हणालो. मी चड्डीत असताना जिने मला सांभाळलं, तिला एका वाक्यात पुसून टाकलं. वशिल्याचा शिक्का बसेल म्हणून! मग कागद न मागता बाहेर आलो, आणि शेवटच्या अहवालावर "तपासले" म्हणून सहीही केली.

केंद्र कॉलनीत भाड्याच्या जागेत सुरू होऊन दोन महिने झाले. गेल्या मंगळवारी डायलिसिसहून परतताना दुसऱ्या बसच्या थांब्यावर आत्याला भोवळ आली. कुणीतरी तिच्या फोनवरून मला कळवलं. पोचलो तेव्हा ती फूटपाथवर बसलेली, पट्टी बांधलेला हात मांडीवर, शेजारी एक अनोळखी बाई वर्तमानपत्राने वारा घालत होती. मला बघून आत्या त्या बाईला म्हणाली, "हाच माझा भाचा. जागा याने गणित करून काढलीय. याचं चुकायचं नाही."

मी मान खाली घातली. बाईंना वाटलं, लाजतोय.

त्या रात्रीपासून मला तोंड वर करून जेवता येत नाही. आत्याला अजून सांगितलेलं नाही. आधी हे लिहितोय, कारण येत्या सोमवारी तुम्ही कॉलनीतल्या कायमच्या इमारतीला मंजुरी घेणार आहात आणि फाइलीत माझा जुनाच निकाल लावलाय. एकदा पाया खणला की कुणी मागे वळणार नाही. माझी नोकरी घ्या, सभेत माझं नाव घेऊन चूक सांगा, आत्या माझी आहे हेही सांगा.

पण सोमवारी मतं घेण्याआधी तो चाळीस घरांचा कागद सदस्यांपुढे ठेवणार आहात की नाही? शनिवारपर्यंत सांगा. लेखी सांगा.