मोर कोणत्या पेटीत?

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुम्हाला चाळीस पेट्या शेजाऱ्याच्या घरी ठेवायच्या आहेत. कुलपांची किल्ली तुमच्याच खिशात. पण हवी ती पेटी मागणार कशी? "मोराची द्या" म्हटलंत, की गुपित फुटलं! म्हणून प्रत्येक पेटीवर अशी खूण करायची, जिचा अर्थ फक्त तुम्हालाच ठाऊक. शेजारी खूण जुळवून पेटी देईल. आत काय आहे, ते त्याला कळणार नाही.

येवल्याच्या सुवर्णाने २००८ साली असंच केलं. तिचे आजोबा मल्हारी पैठणी विणायचे. त्यांच्या नक्ष्यांचे कागद वाळवी खाऊ लागली, तेव्हा उरलेल्या चाळीस नक्ष्या तिने नाशिकच्या एका दुकानातल्या कॉम्प्युटरवर भाड्याच्या जागेत ठेवल्या. तिच्या मनीषाताईने बनवलेल्या प्रोग्रामने प्रत्येक नक्षी जणू कुलूपबंद पेटीत गेली आणि नावांच्या खुणा झाल्या. सुवर्णाने घरी "मोर" टाइप केलं, की तिकडे नुसती खूण जायची.

आजोबा मुंबईच्या प्रदर्शनासाठी नवा पदर विणत होते. त्याची बातमी आधी फुटली, तर नक्कल त्यांच्या आधी बाजारात येणार होती.

एके दुपारी दुकानातल्या वाळूकाकांचा फोन आला. "काय गं, मोर सतरा नंबरच्या पेटीत ना?"

"तुम्ही उघडली?"

"छे! उघडतेय कुठे? पण तुमचे मल्हारीबाबा रोज सकाळी पहिली तीच मागतात. त्यांचं मोराचं वेड सगळ्यांना ठाऊक, मोराशिवाय काय असणार? आणि दिवाळीत तुमची कमळाची पैठणी गाजली, तेव्हा रोज एकतीस नंबर मागत होतात. आता सतराच्या जोडीला परत एकतीस! नव्या पदरावर मोर नि कमळ, काय? एक व्यापारी विचारत होता हं!"

सुवर्णाने आजोबांना सगळं सांगितलं.

"मोर बघितल्याबिगर मी मागावर बसत नाय," आजोबा कुरकुरले. "लय जुनी सवय हाय. आता सोडायची व्हय?"

"नाही आजोबा. कुलूप पक्कंच आहे, आपलं मागणं बोलतंय. त्याला गप्प करू."

"दोन-चार पेट्या जादा मागव मग."

"त्यातही मोर रोज असणारच की! सगळ्या मागवायच्या."

"चाळीस? माझा चहा थंड होईल, पोरी!"

"होऊ दे."

त्याच दुपारी तिने किल्ली बदलली, प्रत्येक नक्षीला नवी खूण दिली आणि पेट्यांचा क्रमही बदलला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पहिलीपासून चाळिसावीपर्यंत एकेक पेटी मागवली, आणि मधेच मोराची आली तेव्हा आजोबा पुढे वाकले तरी न थांबता पुढची खूण पाठवली; थांबली असती, तर तेवढ्यावरूनही काकांनी मोर ओळखला असता.