दाढेच्या मुळाशी

मित्रांनो, मी इंदूताईंच्या खालच्या जबड्यातली, डाव्या बाजूची एक जुनी दाढ आहे. ताई सहा वर्षांच्या होत्या तेव्हा मी उगवले. माझ्या जागी आधी दुधाचा दात नव्हता, म्हणून सगळे मलाच दुधाची समजले. "ही पडेल, नवी येईल," असं म्हणून कुणी माझ्याकडे फारसं पाहिलं नाही. मी मात्र जन्मभरासाठी आले होते. दोन मुळं जबड्यात रोवून कामाला लागले.

चाळीस वर्षं मी चावण्याचं काम केलं. काशीच्या थंडीतला चुडा-मटर, म्हणजे मटार घातलेले पोहे, दिवाळीची चकली, सगळं माझ्याच वाट्याला. शाळेतल्या तपासणीत डॉक्टरांनी "वाह, क्या पक्के दाँत हैं!" म्हटलं, तेव्हा मला कोण अभिमान वाटला होता! पुढे मला कीड लागली. भोक बुजवलं, आणि ताई मला विसरल्या.

दोष त्यांचा नव्हता. त्यांना आतड्याचा आजार जडला. या आजारात शरीराचे पहारेकरी स्वतःच्याच आतड्यांवर चालून जातात. जुलाब, रक्त पडणं, अशक्तपणा. ताई शाळेत शिकवतात; शिकवता शिकवता वर्ग सोडून धावावं लागे. अशा दिवसांत दाढेकडे कोण बघणार? बुजवलेल्या जागेच्या कडेने जंतू आत शिरले, माझी नस मेली आणि मुळाच्या टोकाशी पू साचू लागला. दाढेला बोलता येत नाही, फक्त दुखता येतं. पण ताईंच्या पोटाच्या आजारावरच्या गोळ्या सूज दाबत होत्या, त्यामुळे मला धड दुखताही येईना.

अशातच पोटाच्या डॉक्टरांनी नवं इंजेक्शन ठरवलं. सोमवारी सकाळी दहाला. त्याने ते पहारेकरी शांत होणार होते. "कुठे काही पिकलंय का?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा ताई "नाही" म्हणाल्या. मी त्यांच्या ध्यानातच आले नाही. मित्रांनो, विचार करा. पहारेकरी झोपले, तर माझ्या मुळाशी बसलेले जंतू कुठवर पसरतील?

शनिवारी सकाळी मी सगळा जीव एकवटून दुखले. ताईंनी गाल धरून दातांच्या दवाखान्यात फोन लावला.

"भैया, दाढ़ में बहुत कळ आ रही है।"

"कल? कल तो इतवार है आंटीजी, बंद रहेगा। सोमवार शाम पाँच बजे लिख दें?"

"लिख दीजिए," ताई म्हणाल्या.

सोमवारी संध्याकाळी! तोवर इंजेक्शन टोचून झालेलं असणार. मी ठणकत राहिले, पण उपयोग काय?

दुपारी ताईंचे यजमान विश्वेशराव जेवायला आले. दशाश्वमेध घाटावर ते महाराष्ट्रातून आलेल्या यात्रेकरूंची पूजा सांगतात.

"एवढं दुखतंय आणि सोमवार दिला? तू नेमकं काय सांगितलंस?"

"सांगितलं की, बहुत कळ आ रही है।"

विश्वेशरावांचा घास हातातच राहिला. "अगं, त्याला वाटलं तू उद्या यायचं म्हणतेस! काशीत जन्म गेला, तरी तुझी हिंदी मंगळागौरीच्या मराठमोळ्या गल्लीपलीकडे जाईना."

"हसा! तुमचे यात्रेकरू पुण्या-नाशिकचे. तुम्हाला कुठे हिंदी बोलावी लागते?"

पण जेवण होताच दोघं दवाखान्यात गेली. कागदावर "अन्य बीमारी" असा रकाना होता. ताईंनी तो कोराच ठेवला. दातांच्या डॉक्टरांना कशाला सांगायची पोटाची लाजिरवाणी गोष्ट!

एक्स-रे फोटोत माझ्या मुळाखाली काळी सावली दिसली. डॉक्टर दुखण्याची गोळी लिहू लागले.

"ये गोली मुझे मना है," ताई हळूच म्हणाल्या.

"किसने मना की?"

विश्वेशराव भिंतीकडे बघत बसले. मला वाटलं, आत्ता नाही तर कधीच नाही, आणि मी जोरात ठणकले.

"पोट के डॉक्टर ने," ताई म्हणाल्या, आणि मग सगळंच सांगून टाकलं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "परसों इंजेक्शन है? अरे, ये तो सबसे पहले बताना था!" त्यांनी तिथूनच पोटाच्या डॉक्टरांना फोन केला. इंजेक्शन तीन आठवडे पुढे गेलं.

त्या तीन आठवड्यांत माझी मुळं आतून साफ करून भरली. पण ताईंचं पोट बिघडत गेलं. त्या पेजेवर आल्या. माझ्यामुळे त्यांना थांबावं लागलं, हे मला फार लागलं. अखेर गेल्या सोमवारी ते इंजेक्शन झालं. सावली लहान झाली आहे, गेलेली नाही. अशा आजारात मुळाखालची जागा सावकाश भरू शकते, म्हणून सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढायचा आहे. तोवर रोज सकाळी ब्रश फिरला की मी स्वतःलाच चाचपून बघते.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणाला असा आजार असेल, तर दात दुखायची वाट पाहू नका, तपासून घ्या. दातांच्या डॉक्टरांना पोटाचं सांगा आणि पोटाच्या डॉक्टरांना दातांचं. यात लाजण्यासारखं काही नाही. डॉक्टर दोन असले, तरी माणूस एकच असतो.