ऐकलेला पिक्चर

आमच्या सुरतेतल्या नवागामच्या गल्लीत पिक्चर बघत नाहीत, ऐकतात. साडीवर खडे चिकटवायचं काम असं आहे की मान वर केली तर डिंक वाळतो, आणि एक खडा वाकडा बसला की शेठचा माणूस अख्खी साडी परत आणून टाकतो. म्हणून दुपारी माझ्या खोलीत आम्ही चौघी-पाचजणी बसलो की मोबाइल पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचा, एकीने तेवढं बघायचं आणि बोलणं थांबून नुसतं संगीत वाजू लागलं की पडद्यावर काय चाललंय ते बाकीच्यांना सांगायचं. मला ते काम कधी कोणी दिलं नाही. म्हणायच्या, शोभाबाई सांगायला बसल्या की हिरोच्या बारशापासून सुरू करतील.

गेल्या वर्षी हे काम योगिताकडे आलं, कारण तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. मोरीत पाय घसरला, असं ती म्हणाली. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि ती तिसऱ्यांदा घसरली होती. मोरी माझीही तशीच आहे, बावीस वर्षांत मी एकदाही पडले नाही. योगिता म्हणजे शेजारच्या गजेंद्रची बायको, दोंडाईच्याची. तो जवळच्याच लूमच्या कारखान्यात पाळीने कामाला. रात्रपाळी असली की दिवसा झोपायला त्याला घर शांत लागे, तेव्हा तो तिला माझ्याकडे बसू देई; दिवसपाळी असली की बाहेरून कुलूप लावून जाई. सुरतेत चोऱ्या फार, म्हणे. शिवाय आमच्यात त्याची आत्या सखुबाई रोज बसायची, तिचे हात खड्यांवर आणि कान योगितावर.

मला पोटचं पोर नाही. ती माझ्याजवळ बसून डाव्या हाताने साडीचा काठ ताणून धरायची, थोडा डावीकडे, हवा तेवढाच, की माझी ओळ सुतात जायची. खोटं कशाला बोलू, ती रात्रपाळीचा आठवडा संपून कुलपाआड गेली की माझा जीव कशात रमायचा नाही.

पिक्चर ती एकच लावायची. बंगल्यात राहणारी एक बाई आणि हसऱ्या तोंडाने तिला मारणारा तिचा नवरा. ती त्याच्या हातून निसटते, तो शोधत येतो, असा. मोबाइलमधून हिंदी बोलणं ऐकू यायचं आणि मधल्या शांततेत योगिता सांगायची. दर वेळी ती बाई थोडी पुढे जायची. आधी नुसती खिडकीशी उभी राहायची. मग तिने बिछान्याखाली पिशवी भरून ठेवली. मग कळलं की तिच्या आणि शेजारणीच्या घरात मधलं एक दार आहे, कडी शेजारणीच्या बाजूला. गल्लीत पाणी आलं की सगळ्या बाया भरायला उठतात, शेजारीण एकटी उरते. तेव्हा ही बाई वाटीने दार तीनदा ठोकते आणि शेजारीण कडी काढते.

इथे योगिताचा आवाज अगदी खाली यायचा. "शेजारीन कोनले काहीच सांगत नही," ती आमच्या अहिराणीत म्हणायची, आणि साडीचा काठ माझ्या हातात किंचित ओढला जायचा.

मी हसायचे. म्हणायचे, समुद्रकाठचा एवढा बंगला आणि त्यात पाणी भरायची कटकट कुठली गं बाई, पिक्चरवाल्यांना अक्कल नाही. सगळ्या हसायच्या, सखुबाईही. योगिता हसायची नाही. मला वाटायचं, पोरीचा पिक्चरमध्ये फार जीव गुंततो.

माझ्या आणि त्यांच्या खोलीच्या मधल्या भिंतीत दार आहे. दोन्ही खोल्या पूर्वी एकच होत्या, मालकाने दोन भाडेकरू ठेवले. कडी माझ्या बाजूला. पण बावीस वर्षांत त्या दाराशी मी साड्यांचे गठ्ठे रचत आले, आणि ज्याच्यावर रोज पाठ टेकतो ते दार माणसाच्या ध्यानात राहत नाही.

त्या दिवशी गजेंद्रची दिवसपाळी होती. पाणी आलं, बाया उठल्या. सखुबाईचा गुडघा धरला होता म्हणून ती बसून राहिली. तेवढ्यात माझ्या पाठीमागे, गठ्ठ्यांच्या आडून, वाटी वाजली. तीनदा.

आणि मी, जिभेला हाड नसलेली बाई, मी मोठ्याने हसले. "ऐक सखुबाई," म्हटलं, "आपली हिरॉइन दार ठोकतेय."

सखुबाई हसली नाही. तिने हातातली साडी नीट घडी करून ठेवली, आपला मोबाइल घेतला आणि दुखऱ्या गुडघ्याने बाहेर गेली. वाटी पुन्हा तीनदा वाजली. तेव्हाही मला कळलं नाही. मी म्हटलं, थांब गं, डिंक वाळतोय, एवढी ओळ होऊ दे. ओळ होईपर्यंत गजेंद्र आला होता. कुलूप उघडल्याचा आवाज आला, मग त्यांचा टीव्ही फार मोठ्याने लागला.

दुसऱ्या दिवशी खोली झाडलेली होती. गजेंद्र म्हणाला, माहेरी पाठवली. चार दिवसांनी तिच्या आईचा माझ्या मोबाइलवर फोन आला, पोरगी फोन उचलत नाही, तिला जरा हाक मारता का. मी पोलीस चौकीत जाऊन आले. त्यांनी गजेंद्रला बोलावलं, तो हसऱ्या तोंडाने गेला आणि हसऱ्या तोंडाने परत आला. अजून तो शेजारीच राहतो.

मग मी चष्मा लावून तो पिक्चर बघितला, पहिल्यांदा, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. बंगला होता, समुद्र होता, मारणारा नवरा होता. ती बाई एकटीच गाडीत बसून निघून जाते. मधलं दार नव्हतं, पाणी नव्हतं, वाटी नव्हती. त्या पिक्चरमध्ये शेजारीणच नव्हती.

सगळे गठ्ठे मी समोरच्या भिंतीशी हलवले. रोज दुपारी पाणी यायच्या आधी कडी काढून ठेवते. पलीकडे गजेंद्रच्या कुलपातली रिकामी खोली आहे, मला माहीत आहे, तरी काढते. का, ते मी कोणालाही सांगितलेलं नाही, तेवढं तोंड आता बंद ठेवता येतं. एकदा ती यावी. शिव्या द्यायला का होईना, यावी.

सखुबाई आता येत नाही. सांगायचं काम आमच्यातल्या मीराबाईच्या लेकीकडे, चैतालीकडे आहे. कॉलेजात जाते, घरी अकोल्याची मराठी, बाहेर गुजराती. अहिराणीचा एक शब्द तिला येत नाही, आम्ही बोललो की हसते. काल तिने आपणहून तोच पिक्चर लावला. पाणी आलं, बाया उठल्या, आम्ही दोघीच उरलो. मोबाइलमधलं बोलणं थांबलं आणि नुसतं संगीत वाजू लागलं.

"बाई दाराशी आली," चैताली सांगू लागली. "वाटी आहे हातात. पण ठोकत नाही, कडी काढलेलीच आहे. आत आली. म्हातारी खाली मान घालून बसलीय, तिला दिसलं नाही. तिच्याजवळ बसतेय आता. उजव्या हाताला प्लास्टर आहे."

माझ्या हातातला खडा वाकडा बसला.

"शेजारीन कोनले काहीच सांगत नही," चैताली खालच्या आवाजात म्हणाली.

मी मान वर केली नाही. नुसती थोडी सरकले, बाजूला जागा केली. डिंक वाळत होता म्हणून पुढचा खडा उचलला, आणि मांडीवरच्या साडीचा काठ कोणीतरी ताणून धरला, थोडा डावीकडे, हवा तेवढाच.