खाडीपलीकडचं पहिलं पोस्ट

पार्ल्याच्या उपनगर इतिहास मंडळात पन्नाशीच्या आतली एकटी नेत्राच होती. बाकीचे सगळे बँकेतून, शाळेतून, नाहीतर महापालिकेतून निवृत्त झालेले. मंडळ दरवर्षी एक छोटी पुस्तिका काढायचं. एका वर्षी जुन्या विहिरी झाल्या, एका वर्षी चिंचेची झाडं. यंदा विषय ठरला खाडीपलीकडची पहिली पोस्टं. मढ, मनोरी, गोराई या बाजूच्या गावांत टपाल पहिल्यांदा आलं ते कुठे उतरलं, कुणाच्या घरी थांबलं, हे शोधायचं आणि जागा सापडली की तिथे पितळेची पाटी लावायची.

अध्यक्ष चंद्रप्रकाश काकांनी मढच्या अंगाची भाटवाडी नेत्राला दिली, तेव्हा तिने घरी येऊन कुणाला सांगितलं नाही. न जाणो, जमलं नाही तर. मुलगी ओवी झाल्यावर कॉलेजातली हंगामी नोकरी सुटली होती आणि त्यानंतर तिने स्वतःचं असं काहीच लिहिलं नव्हतं. हा लेख तिने ओवीच्या झोपांमध्ये लिहिला. मांडीवर ओवी, एका हातात फोन, अंगठ्याने टाइप करत. ओवीने कूस बदलली की वाक्य तिथेच तुटायचं, आणि पुन्हा हाती लागेस्तोवर त्याचा सूर हरवलेला असायचा. पण झाला एकदाचा. काकांनी वाचला आणि पुस्तिकेत पहिलाच घेतोय म्हणून फोन केला. त्या दिवशी वरणाला दोनदा फोडणी पडली आणि तिच्या सासूबाईंनी, काय झालंय हिला आज, असं भिंतीला विचारलं.

लेखाचा सगळा जीव एका बंगल्यात होता. गावात पोस्ट कुठे होतं असं विचारल्यावर दुकानदाराने बसल्या जागेवरून त्या बंगल्याकडे बोट केलं होतं. पडवीत गेली तर समोर काउंटरच. लोखंडी जाळीची खिडकी, टपाल लावायचे लाकडी खण, वर विटक्या अक्षरांत ‘पोस्ट ऑफिस’. नेत्राच्या अंगावर काटा आला होता.

पाटी लावायच्या रविवारी नेमका सासूबाईंचा गुडघा धरला, म्हणून ओवीला कडेवर मारूनच ती निघाली. काका आणि ती वर्सोव्याहून आधीच्या बोटीने आले. बाकीची मंडळी पेढे घेऊन मागून येणार होती. काकांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं, दुसऱ्याचं व्हायचं होतं. त्यांनी जाळीवरून हात फिरवला, हे असलं काम आता बघायला मिळायचं नाही म्हणाले, आणि मंडळींना फोन लावायला रेंज शोधत फाटकाबाहेर गेले.

नेत्राने ओवीला खाली ठेवलं. ओवीने काउंटर दोन्ही हातांनी बडवला. आवाज पोकळ आला. मग तिला कोपऱ्यात एक सुटलेली कड सापडली आणि ती तिने पोरं ओढतात तशी मन लावून ओढली. सागवानाच्या रेघांचा कागद लांबच लांब निघून आला. आत प्लायवूड होतं, त्यावर कारखान्याचा निळा शिक्का.

ड्रिल मशीन घेऊन बंगल्याचा केअरटेकर विकी येतच होता. तो तिथूनच म्हणाला, “ताई, पोरीला आवरा ना. कंटिन्युइटीची वाट लावेल ती.”

नेत्राला आधी कळलंच नाही. मग विकीने विचारलं की युनिट किती वाजता येतंय, आणि पाटीचा शॉट आज घेणार की उद्या. ही म्हातारी माणसं वरचेवर येतात, फोटो काढतात, पितळेची पाटी करून आणतात, म्हणजे शूटिंगवाल्यांचीच असणार, असं तो धरून चालला होता. बंगला शूटिंगलाच भाड्याने जायचा, आणि काउंटर मागच्या सिरीयलवाल्यांनी सोडून दिलेला. त्याच्याही आधी तिथे पोलीस ठाणं होतं. जाळी तीच, नुसतं वरचं नाव बदलतात, त्याने सांगितलं. गावातली पोरं बंगल्याला आता पोस्टच म्हणतात.

नेत्राने तो कागद थुंकी लावून परत चिकटवून बघितला. खरंच बघितला. चिकटलाही थोडा. काकांना एका डोळ्याने ते दिसणार नव्हतं, मंडळी फोटो काढून पेढे खाऊन परत जाणार होती, आणि लेख पहिल्या पानापासून तिच्या नावाने छापून येणार होता.

ती ओवीला उचलून मागच्या दाराने बाहेर पडली. बंगल्याच्या मागेच बोंबील वाळवायची जागा होती. उभे बांबू, त्यांना ताणलेले दोर, आणि दोरांवर जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने लटकवलेले बोंबील. गावातल्या अंजनाबाई तिथे एकट्याच काम करत होत्या. साठी कधीच ओलांडलेली, पण हात भराभर चालत होते. नेत्राने ह्याआधी त्यांना पाहिलं होतं. विचारलं मात्र काहीच नव्हतं, कारण ती इमारत शोधत होती.

आता विचारलं. मावशी, गावात पोस्ट होतं ते कुठे?

अंजनाबाईंना त्यात विशेष काही वाटलं नाही. पोस्ट त्यांच्या सासऱ्यांच्या नावावर होतं. घरात एक टेबल, एक शिक्का, वजनाचा काटा. पण घरी असायचं कोण? पुरुष दर्यावर, बाया पहाटेपासून इथे नाहीतर बाजारात. म्हणून सासरा थैली घेऊन इथेच यायचा. नाव घेऊन हाक मारायचा. जी हजर असेल ती हात पदराला पुसून पत्र घ्यायची. नसेल तिचं पत्र घडी घालून दोरावर टाकायचं, वाऱ्याने उडू नये म्हणून दोन्ही बाजूंना बोंबलांची जोडी. संध्याकाळपर्यंत जिचं ती घेऊन जायची. मध्येच त्या म्हणाल्या की थैली सासरा आणायचा का चुलत सासरा, ते आता नक्की आठवत नाही. त्या नवरी होऊन आल्या तेव्हा शेवटची काही वर्षंच उरली होती.

“दुबईवरनं पत्र येवो नायतर गावावरनं, वास एकच,” त्या हसल्या.

नेत्राने बंगल्यातल्या काउंटरचं सांगितलं. पाटी लावणार होतो तेही सांगितलं.

“मग लावा की तिथंच. दिसायला झकास हाय. इथं काय हाय बाय? दोर. पावसाळ्यात तोपण नाय.”

म्हणजे गावाचीही हरकत नव्हती. ओवीने एका बोंबलाला बोट लावलं आणि बोट चोखलं. मग नेत्रा फाटकाकडे गेली आणि काका फोनवर बोलत होते तरी थांबली नाही.

“काका, पाटी नको लावायला. तो काउंटर सिरीयलचा आहे. प्लायवूड. आतून शिक्कासुद्धा आहे.”

काकांनी फोन बंद केला. आत जाऊन त्यांनी काउंटरवर टकटक केलं, वाकून चांगल्या डोळ्याने कड पाहिली. कान लाल झाले. “तूच दाखवलंस ना हे आम्हाला?”

“हो. मीच.”

“मग खरं कुठे होतं?”

तिने सांगितलं. काका ऐकत होते, पण मध्येच वैतागले. “आणि पाटी कुठे ठोकू मी? दोरीवर?”

विकीने ड्रिलची वायर गुंडाळायला घेतली. शूटिंग कॅन्सल झालं एवढं त्याला समजलं.

काका पायरीवर बसले. पुस्तिका बुधवारी छापायला जायची होती. नवा लेख तोपर्यंत दे, ते म्हणाले, नाहीतर ती पानं गोराईच्या पोस्टाला जातील. नेत्राने मनात आठवडा मांडून पाहिला. ओवीच्या दाढा येत होत्या, सासूबाईंचा गुडघा सुजला होता, नवरा गुरुवारपर्यंत दौऱ्यावर होता.

“बुधवारपर्यंत नाही होणार. पानं द्या गोराईला.”

काकांनी हात पुढे करून ओवीला घेतलं आणि म्हणाले, “जा. मंडळींना मी सांगतो. त्या बाईंना विचार, लिहिता-वाचता न येणाऱ्यांचं काय करायचे ते. पुढच्या वर्षी छापू.”

पुढचं वर्ष म्हणजे ओवी बोलायला लागलेली असेल. नेत्राने परत जाऊन अंजनाबाईंना विचारलं की पत्रं वाचून कोण दाखवायचं.

“ती मोठी गोष्ट हाय. सांगते,” अंजनाबाई म्हणाल्या. “पण आधी तो दोर धर त्या टोकानं. सैल पडलाय.”

नेत्राने ओढणी कमरेला खोचली आणि दोर धरला.