डेल्माच्या उजव्या हाताला

मंगळवारी आणि शनिवारी सकाळी आम्ही तिघी आमच्या वॉर्नांबूल गावाहून शेजारच्या कोरॉइटच्या दिशेने सायकली काढायचो. पुढे ग्लेनिस, कारण तिला वारा अंगावर घ्यायला आवडतं आणि दुसरं कुणी पुढे गेलेलं खपत नाही. तिच्या मागे डेल्मा आणि मी, जोडीनं. डेल्मा कुंपणाच्या बाजूला, मी तिच्या उजव्या हाताला. ही जागा कुणी ठरवली नव्हती. पहिल्या दिवशी पडली ती पडली. पुढे मुलं मोठी झाली, सुना आल्या, माझा नवरा टॉम देवाघरी गेला, पण जागा बदलली नाही.

घरापासून नदीच्या पुलापर्यंत माझी सकाळची माळ चालायची. सायकलवर मणी कुठे धरणार, म्हणून हँडलवरच्या बोटांनीच मोजायची. डेल्माचा देवाधर्मावर विश्वास नाही. चर्चची पायरी ती लग्नाला आणि मयताला तेवढी चढते. पण माझा नेम तिनं कधी मोडू दिला नाही. ग्लेनिस पुढून काही ओरडली की हीच दटावायची, "थांब गं, तिचं चाललंय." पूल आला की हळूच विचारायची, "झालं का तुझं?" मी हो म्हटलं की आमच्या बोलण्याला तोंड फुटायचं, ते थेट कोरॉइटच्या बेकरीपर्यंत.

ईस्टरनंतर डेल्मा यायची बंद झाली. डोळ्यांचं दुखणं बळावलं होतं आणि डॉक्टरांनी सायकल सोडायला सांगितली होती. हेही तिनं आम्हाला सांगितलं नाही, तिच्या मुलाकडून कळलं. मी फोन केला. म्हटलं, सायकल राहू दे, बेकरीत तरी ये, मुलगा गाडीनं सोडेल.

"ब्रिजिड," ती म्हणाली, "आपली मैत्री चाकावरची. चाक थांबलं. आता उगाच ओढाताण कशाला?"

ते बोलणं कुसळासारखं रुतून बसलं. सकाळी ग्लेनिसच्या मागे जाताना मी डावीकडची जागा सोडूनच चालवायची. खड्डा आला की हात खाली करून शेजारणीला दाखवायची आमची रीत. शेजारी कुणी नसतानाही माझा हात खाली जायचा. एकदा ग्लेनिसनं वळून ते पाहिलं आणि काही बोलली नाही. ग्लेनिस बोलली नाही, यावरून काय ते समजावं.

शेवटी एका दुपारी खजूर घातलेले छोटे गोड पाव, स्कोन, केले आणि चालतच डेल्माकडे गेले. तिनं चहा ठेवला. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही समोरासमोर बसलो.

"स्कोन मऊ झालेत," ती म्हणाली.

"लोणी जरा जास्त पडलं."

"छान लागतंय."

मी सुनेचं बोलले, ती हं म्हणाली. तिची नजर माझ्या कानावरून पलीकडे भिंतीकडे लागलेली. जे मी पाद्रीबाबांपाशीही बोलले नाही, ते या बाईपाशी बोलले होते. टॉमच्या शेवटच्या दिवसांत तिच्या शेजारी सायकल चालवत रडले होते. आणि आता मधे एवढंसं टेबल आलं तर शब्द सापडेना. मनात आलं, खरं तेच म्हणाली ही. चाकाबरोबरच संपलं.

"निघते मी," मी म्हटलं.

"चल, फाटकापर्यंत येते."

अंगणातून फाटकाकडे जाणारी पायवाट अरुंद आहे. ती कुंपणाच्या बाजूनं, मी तिच्या उजव्या हाताला. मधे एक फरशी उखडून खड्डा पडला होता. माझा हात आपोआप खाली गेला आणि डेल्मा अलगद खड्डा टाळून पुढे झाली.

मी थांबले. "हात दिसला तुला?"

"दिसला की."

"मग मघाशी माझ्याकडे बघत का नव्हतीस?"

"बघतच होते गं. नजरेचा मधला भाग गेलाय, नुसती कड राहिलीय. तू समोर बसलीस की तुझ्या तोंडाच्या जागी एक राखाडी डाग. चहा पिणाऱ्या डागाशी बोलायचं तरी काय? आत्ता आहेस ना तिथे असलीस की दिसतेस. नाक, टोपी, सगळं. नाहीतरी मी तुला समोरून कधी पाहिलंय?"

"आणि हे फोनवर सांगायला काय झालं होतं?"

"मला तरी कुठं ठाऊक होतं? आत्ताच कळलं, तू शेजारी आल्यावर."

मी फाटक उघडलं आणि आम्ही तशाच जोडीनं सायकलींच्या वाटेला लागलो. संध्याकाळच्या माळेची वेळ झाली होती. कोटाच्या खिशात मी बोटं मोजू लागले. डेल्माला ते कसं कळलं कोण जाणे, ती गप्प झाली.

मागून घंटी वाजली. ग्लेनिस होती. "वाट अडवून कुठे निघाल्यात या म्हाताऱ्या?"

"थांब गं, तिचं चाललंय," डेल्मा म्हणाली.

ग्लेनिस सायकलवरून उतरली. तिनं डेल्माकडे पाहिलं, नाक ओढलं आणि सायकल ढकलत आमच्या पुढे चालू लागली. मागून चालायचं तिला माहीतच नाही.

वारा पाठीवर होता. नुसतं सायकलच्या सीटवर बसून राहिलं तरी कोरॉइटला नेऊन सोडेल, असा. डेल्माची पावलं त्यानं लांब पडत होती. पूल आला तशी ती कठड्याला हात लावून उभी राहिली. पुलापलीकडे वाट सरळ, गायरानांमधून निघून गेली होती. डेल्मानं वाटेकडे तोंड केलं नाही. तिनं मान वळवून नदीकडे धरली. म्हणजे वाट तिला दिसत असणार.

ती बराच वेळ तशीच उभी होती.

"झालं का तुझं?" तिनं विचारलं.

माझं झालं होतं.

"थोडं राहिलंय," मी म्हटलं, आणि पुन्हा पहिल्या बोटापासून सुरुवात केली.