राइलीची बाजू

माझी आई राइली आणि तिची मैत्रीण, जिला मी गुद्रूनमावशी म्हणते, यांचं भांडण मी शाळेत होते तेव्हापासून चालू होतं. आई इथे ताम्पेरेत, फिनलंडच्या विद्यापीठात बालसाहित्य शिकवायची; मावशी तिकडे जर्मनीत, म्युनिकला. कुठल्याशा परिषदेत दोघी भेटल्या आणि जोडीने एका विषयाच्या मागे लागल्या. लहान मुलांच्या चित्रपुस्तकांत एकटं मूल कसं काढतात, हा तो विषय. आईला जर्मन येत नव्हतं, मावशीला फिनिश. मग दोघी मोडक्यातोडक्या इंग्रजीत भांडत.

"एकटं मूल म्हणजे दुःखी, हे कुणी ठरवलं?" आई फोनवर ओरडायची. "आमची पोरं एकटी रानात जातात, फळं वेचतात, पोटभर खाऊन घरी येतात. तुम्ही मात्र प्रत्येक गोष्टीच्या शेवटी आईला आणून उभी करता!"

उन्हाळ्यात मावशी तळ्याकाठच्या आमच्या लाकडी घरी राहायला यायची. तिथे सॉनात, गरम वाफेच्या खोलीत बसल्यावरही वाद थांबायचा नाही. सगळ्यात जास्त भांडण एका जुन्या पुस्तकातल्या चित्रावरून. गोठलेल्या तळ्यावर एक मुलगी घसरगाडीवर बसली आहे, आपल्याकडे पाठ करून. मावशी म्हणायची, ती रडते आहे. आई म्हणायची, छे, ती बघते आहे.

बाबा आम्हाला कधीच सोडून गेले होते. माझ्या आणि मावशीखेरीज आईला दुसरं माणूस असं नव्हतंच. मी ट्राम चालवते. पुस्तकांतलं मला फारसं कळत नाही. माझ्याशी ती कधी भांडली नाही. टोपी घाल, एवढंच सांगायची.

मग आई विसरायला लागली. सगळ्यात आधी इंग्रजी गेलं. मावशीचा फोन आला की ती फिनिशमध्ये उत्तर द्यायची, आणि मावशीला वाटायचं ही थट्टा करते आहे. एका रविवारी आईने फोन माझ्या हातात दिला. "सिर्पा, ही बाई काय बोलते गं? बिचारी सारखी काहीतरी विचारते आहे."

दोघींचं पुस्तक जवळजवळ झालं होतं. राहिलं होतं शेवटचं प्रकरण, ज्यात प्रत्येकीने आपापली बाजू मांडायची होती. बर्फ वितळायच्या आत मावशी ताम्पेरेला आली. तोवर आई वृद्धाश्रमात होती. आम्ही दोघी गेलो तेव्हा ती लोकरीचं जाकीट घालून खिडकीशी बसली होती. मावशीशी तिने अदबीने हात मिळवला आणि मला विचारलं, "या बाई डॉक्टर आहेत का?"

"काय म्हणाली?" मावशीने विचारलं.

"तू डॉक्टर आहेस का, असं विचारते आहे."

"आहे म्हणावं. पण औषध देणारी नाही."

मी सांगितलं. आई खळखळून हसली. मावशीच्या चेहऱ्यावर इतकी आशा उमटली की मला तिच्याकडे बघवेना.

तिने पिशवीतून ते जुनं पुस्तक काढून आईच्या मांडीवर उघडलं. आई बराच वेळ चित्र बघत राहिली. मग त्या मुलीच्या पाठीवरून बोट फिरवत म्हणाली, "हिला एकटीला बाहेर कुणी सोडलं? गारठली असेल. हाक मार ना तिला."

मावशी माझ्याकडे बघत होती. खोटं सांगता आलं असतं मला. पण मी जसंच्या तसं सांगितलं.

मावशीने चष्मा काढला. "म्हणजे जिंकले मी," ती म्हणाली. मग एकदम माझा दंड धरला. "हे चूक आहे म्हणावं तिला. ती पोरगी मजेत आहे. सांग, सिर्पा!"

मी आईला सांगितलं. आई भडकली. "मजेत? या बाईला पोरंबाळं आहेत का?"

मावशीला नव्हती. ते वाक्य मी पुढे पोचवलं नाही. आईचे डोळे भरून आले. ती सारखी दाराकडे बघायला लागली, तेव्हा मी पुस्तक मिटलं. "आली ती आत," मी म्हटलं. "कोरडे मोजे घातले तिला."

"मग ठीक," आई म्हणाली.

परत येताना ट्रामच्या थांब्यावर मावशी म्हणाली, "आता मी भांडू कुणाशी, पोरी?" ट्राम आली. चालवणारा माझा सहकारी होता; त्याने हात केला, मीही केला.

शरद ऋतूत व्हिएन्नाला परिषद होती. मावशीने मला आग्रहाने बोलावून घेतलं. तिने स्वतःची बाजू वाचलीच नाही. आईची बाजू तिने स्वतः लिहून आणली होती, तीच वाचली. झाग्रेबहून आलेला एक तरुण अभ्यासक उठला आणि नम्रपणे म्हणाला, "पण बाई, चित्रातलं मूल उघडच एकाकी आहे. तुम्हीच तसं लिहिलंय."

मावशी लालबुंद झाली. "लिहिलंय ना! मग तेव्हा चुकले असेन!" तिने टेबलावर हात आपटला. "आमच्याकडची मुलं तळ्यावर बसून नुसती बघतात. त्यात रडण्यासारखं काय आहे?"

म्युनिकच्या बाईने 'आमच्याकडची' म्हटल्यावर दोघंतिघं हसली. तरुण खाली बसला. आई तिथे असती तर बसली नसती. मावशीही तो पुढे काय म्हणतो याची वाट बघत उभी राहिली, पण अध्यक्षांनी पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं. संध्याकाळी बाकीचे घोळक्याने जेवायला गेले. आम्ही दोघींनी कोपऱ्यावरच्या खानावळीत सूप घेतलं. तिने अर्धं टाकलं.

पुस्तक निघालं, दोघींच्या नावाने. त्यानंतर थोड्याच दिवसांत, झोपेतच, आई गेली.

मावशी अजून रविवारी फोन करते. कुठलं तरी नवीन चित्रपुस्तक वाचलेलं असतं, ते सविस्तर सांगते आणि विचारते, "तुला काय वाटतं?"

मी प्रामाणिकपणे म्हणते, "तू म्हणतेस तसंच असेल, मावशी."

पलीकडे पुस्तक मिटल्याचा आवाज येतो. मग ती विचारते, तुमच्याकडे थंडी कशी आहे.